घोडा थांबतो ती जागा

कॉनीने धक्क्याच्या कठड्याला धरून एक पाय खाली सोडला आणि बुटाचं टोक तिसऱ्या पायरीवर टेकवलं. पायरी ओली होती, पण तिच्यावर पाणी चढलेलं नव्हतं. पाणी तिच्या कडेला घासत चाललं होतं, दूध जरा जास्त पडलेल्या चहाच्या रंगाचं. त्यातून एक तुटलेली डहाळी आली. कॉनीने ती नजरेने धरली आणि धक्क्याच्या टोकापर्यंत सोडली नाही. डहाळी नेहमीपेक्षा लवकर दिसेनाशी झाली.

"तिसरी दिसतेय ना?" वरून फिन्टनने विचारलं.

"दिसतेय. जेमतेम."

"दिसतेय की नाही एवढंच सांग. जेमतेम काय? लग्नाला होकार देतेयस का?"

"दिसतेय."

"मग जायचं."

नियम त्यांच्या वडिलांचा होता. तिसरी पायरी बुडाली तर बोट सोडायची नाही, मग धक्क्यावर साक्षात पोप तिकीट घेऊन उभे असोत. आज नियम मोडत नव्हता. तरी कॉनी लगेच वर आली नाही. इतकी वर्षं ही पायरी बघायला फिन्टन स्वतः खाली उतरायचा. यंदाच्या मोसमात तो एकदाही उतरला नव्हता. वर उभा राहून तिला विचारायचा आणि दरवेळी वेगळं कारण द्यायचा. एकदा गुडघा, एकदा नवे बूट. आज त्याने कारणही दिलं नव्हतं.

दोघं बहीणभाऊ साठी ओलांडलेले, दोघंही बिनलग्नाचे. बॅरो नदीच्या काठी वडिलांच्याच घरात राहत आणि 'रोझीन' चालवत. रोझीन ही एके काळी बार्लीची पोती आणि बिअरची पिंपं वाहणारी लांबट, सपाट बुडाची बोट. आता तिच्यावर बाकं होती, वर ताडपत्रीचं छत होतं आणि खाली, पुढच्या बाजूला, एक अरुंद स्वयंपाकघर. फिन्टन बोट हाकायचा आणि हाकता हाकता माणसांना गोष्टी सांगायचा. कॉनी खाली चहा करायची, त्याच्याबरोबर खायला स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजायची.

ती वर आली तेव्हा तो तिच्याकडे बघून हसला. म्हणजे तिच्या खांद्याच्या थोडं बाजूला बघून हसला, तिथे आणखी कुणीतरी उभं असावं तसा. हे तिने वसंतातच हेरलं होतं. दाराच्या कडेने मांजर सटकलं तर त्याला दिसायचं, आणि समोर धरलेला कप दिसायचा नाही. चहा ओतताना तो कपाच्या काठावरून एक बोट आत सोडून ठेवायचा. सकाळी रेडिओवर गावोगावच्या मयतांची नावं सांगून झाली की पूर्वी तो तीच नावं पेपरात पुन्हा वाचायचा, रेडिओवर विश्वास नसल्यासारखी. आता म्हणायचा, "वाच गं तूच, माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे." चष्मा त्याच्या खिशात असायचा.

तिने विचारलं नव्हतं. त्या घरात असलं काही विचारत नसत. आईच्या छातीतली गाठ सगळ्यांना ठाऊक होती, आणि आईला पुरून येईपर्यंत सगळे तिला 'आईचा खोकला' म्हणत होते.

आणि बोट तर नीट चालत होती. मे महिन्यापासून एक ओरखडासुद्धा नाही. कॉनी दर खेपेला खालच्या गोल खिडकीतून काठ बघत राहायची, आणि रोझीन दर खेपेला जिथे वळायला हवी तिथे वळायची. ज्याला दिसत नाही त्याला हे जमलं नसतं, असं तिने स्वतःला समजावलं होतं. रोज सकाळी ते पुन्हा समजावावं लागत होतं.

बस आली. शेजारच्या परगण्यातल्या एका गावची निवृत्त मंडळी, तीसएक माणसं, छत्र्या आणि काठ्यांसकट. त्यांची म्होरकी मिसेस देवेरो, आखूड केसांची, पूर्वीची शाळामास्तरीण. तिने एकेकाला हाताला धरून बोटीवर चढवलं आणि दोनदा मोजलं.

"एकदा जूनमध्ये पावसाने आमची सहल बुडवली," ती फिन्टनला म्हणाली. "आज पण बुडवू नका, कॅप्टन."

"मी बुडवत नाही कुणाला. नदीचं तिचं तिला विचारा."

"पाऊस तर काल थांबला ना?"

"इथला थांबला. डोंगरात पडलेला अजून वाटेत आहे," फिन्टन म्हणाला. "तो आपल्याबरोबरच येतोय, फुकटात."

मंडळी हसली. कॉनी हसली नाही. ती काठावरच्या खुंट्याचा दोर सोडत होती आणि दोर तिच्या हातात नेहमीपेक्षा जास्त ताणलेला होता. आताही सांगता आलं असतं. चुलीचा गॅस संपलाय, माझी तब्येत बरी नाही, काहीही. तिने मिसेस देवेरोकडे पाहिलं. ती एका म्हाताऱ्याच्या मांडीवर शाल नीट करत होती. मग तिने फिन्टनकडे पाहिलं. तो सुकाणूच्या चाकाशी उभा होता, टोपी मागे सारून, आणि त्याचा चेहरा चाळीस वर्षांपूर्वी होता तसाच दिसत होता. तिने दोर सोडला.

फिन्टनच्या जवळ, इंजिनाच्या झाकणापाशी, एक उंच वाळका माणूस उभा होता. लार डॉयल. बाकी सगळ्यांनी बाकं पकडली होती. हा मात्र झाकणावर तळहात ठेवून इंजिनाचे ठोके ऐकत होता.

"एक सिलिंडर?" त्याने विचारलं.

"एकच. दुसरा काय करायचाय?"

"मी आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. असं गाणारं इंजिन नाही भेटलं."

"हिला नजर लागेल," फिन्टन म्हणाला, पण तो खूश झाला. इंजिनाला कुणी नावं ठेवलेली त्याला खपत नसत. कॉनीने एकदा त्याच्या धुराबद्दल काही म्हटलं होतं, तर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

लारने पेपरमिंटची पुडी पुढे केली. फिन्टनचा हात पुडीच्या शेजारच्या हवेत गेला, तिथे काही सापडलं नाही, थांबला. लारने गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. कॉनीने ते पाहिलं आणि शिडीने खाली गेली.

खाली गेल्यावर तिचं काम ठरलेलं होतं, आणि ते घड्याळावर चालत नसे. फिन्टनच्या गोष्टीवर चालत असे. तुटक्या पुलापाशी तो पियानोची गोष्ट सुरू करायचा. गिरणीवाल्या ब्रॅडिशसाहेबांनी बायकोसाठी डब्लिनहून पियानो मागवला आणि तो याच बोटीवर चढवला. तेव्हा बोटीला इंजिन नव्हतं, काठाच्या वाटेने चालणारा एक घोडा तिला दोरीने ओढायचा. चुन्याच्या भट्टीपाशी बोटीवरचा टिम नावाचा खलाशी पियानोवरचं कापड काढायचा. तेव्हा कॉनी स्कोन ओव्हनमध्ये सरकवायची. गिरणीचं धुराडं दिसू लागलं की टिम वाजवत असायचा आणि ब्रॅडिशबाई सज्जात यायच्या. तेव्हा किटली चढवायची. मग काठावरची पॉप्लरची तीन उंच झाडं लागायची, आणि फिन्टन आवाज खाली आणून म्हणायचा, "आणि घोडा थांबला." त्याच क्षणी इंजिन मंद व्हायचं, बोट डावीकडे वळायची आणि कालव्याच्या थोपवलेल्या पाण्यात शिरायची. बोट स्थिर झाली की कॉनी कपांत चहा ओतायची.

कालवा होता म्हणून बांध चुकायचा. पॉप्लरच्या पुढे, नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, दगडी बांध तिरपा घातलेला होता आणि नदी त्याच्यावरून खाली कोसळायची. त्याच्या जरा आधी डाव्या काठाला कालव्याचं तोंड, रोझीनच्या रुंदीच्या जेमतेम दुप्पट. तिथे वळलं की पुढे लॉक. लॉकच्या दोन दारांमध्ये पाणी उतरवून बोट खालच्या पातळीला न्यायची आणि पुन्हा नदीत सोडायची. तिथे वळलं नाही तर पुढे बांधच.

तुटका पूल गेला. वरून फिन्टनचा आवाज नीट ऐकू येत होता.

"आता ब्रॅडिशबाई कशा होत्या? श्रीमंत होत्या, देखण्या होत्या, आणि कंटाळलेल्या होत्या. नवऱ्याला वाटलं, पियानोने कंटाळा जाईल. नवऱ्यांना काय काय वाटतं."

"कॅप्टन, मध्येच विचारते," हा मिसेस देवेरोचा आवाज, "तुम्ही किन्सेला म्हणजे कुठले? पुलाकडचे की डोंगराकडचे?"

"डोंगराकडचे. पुलाकडचे आम्हाला ओळख दाखवत नाहीत."

"मग तुमची आजी डेम्प्सींकडची असणार. माझ्या आईची मावशी डेम्प्सींकडे दिली होती."

"कुठल्या डेम्प्सींकडे? लाल केसांच्या?"

"लाल केसांचे नव्हेत. ते मेंढ्यांच्या भानगडीतले."

"त्यांनी चोरल्या नव्हत्या मेंढ्या. मेंढ्या आपणहून त्यांच्यामागे गेल्या होत्या."

वर हशा पिकला. तुम्ही कुठले, असं कुणी विचारलं की या भागात बुडता माणूससुद्धा आधी त्याचं उत्तर देईल, आणि फिन्टन तर कोरडा होता आणि त्याला बोलायची हौस होती. मावशीचं लग्न निघालं, त्या लग्नात पडलेलं भांडण निघालं, मावशीचा मुलगा बोस्टनला गेला होता तो परत आला. कॉनी स्कोनचं पीठ वाटीने कापत होती. ती भट्टीची वाट बघत होती, म्हणजे भट्टीची ओळ कानावर पडायची वाट बघत होती.

"असो," फिन्टन म्हणाला. "तर टिमने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पियानोवरचं कापड काढलं."

कॉनीने स्कोनचा ट्रे उचलला आणि सवयीने खिडकीतून बाहेर पाहिलं. भट्टी नव्हती.

तिने खाली वाकून पाहिलं. काठाची झाडं सरकत होती, वेगाने, एकामागे एक. मग झाडं संपली आणि त्यांच्या जागी विटांची लाल भिंत आली. भिंतीवर धुराडं होतं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला.

गोष्ट मागे पडली होती. नुसत्या गप्पांमुळे नव्हे. पाणी आज बोटीला ओढत होतं, आणि गोष्ट तेवढीच लांब होती. फिन्टनने ती सोडली होती तिथूनच पुन्हा उचलली होती, एक शब्द न गाळता. आणि मग कॉनीला ते कळलं, जे खरं तर मेपासून तिच्या कानांवर रोज पडत होतं. पूर्वी ही गोष्ट रोज बदलायची. एका वर्षी टिमला लाकडी पाय होता, एका वर्षी भाऊ होता, पियानो एकदा तर नदीत पडूनही आला होता. यंदा तिच्यातला एक शब्द हलला नव्हता. कॉनीला वाटलं होतं, म्हातारा झाला, नवं काही सुचत नाही. तो गोष्ट सांगत नव्हता. तो तिच्यावर बोट चालवत होता. वाक्य आलं की वळण घ्यायचं, वाक्य आलं की इंजिन कमी करायचं. संथ पाण्यात, रोजच्या वेगाने, ते दरवेळी बरोबर येत होतं.

तिने कान दिला. बांध ऐकू यायला हवा होता. या जागेपासून तो रोज ऐकू यायचा. पण नदी चढली की बांधाखालचं पाणीही चढतं. पडायला उंची उरत नाही आणि आवाज उरत नाही. पाणी बांधावरून नुसतं घसरत जातं.

शिडी चढताना तिचा गुडघा कशावर तरी आपटला. वर ऊन होतं. माणसं बाकांवर रेलून बसली होती, कुणी डोळे मिटले होते. एका बाईने कॉनीच्या हातात कप नाहीत हे पाहून विचारलं, "चहाला वेळ आहे का अजून?" कॉनी बाकांमधून कठडा धरत मागे गेली, आणि जाताना तिने समोर पाहिलं. तिन्ही पॉप्लर दिसत होते. ते मोठे होत होते.

"टिमने बोटं मोडली," फिन्टन सांगत होता. "मागे वळून म्हणाला, कुणाला कान झाकायचे असतील तर आताच झाका."

कॉनीने तोंड उघडलं. 'वळव' म्हणाली असती, तर कुठे, केव्हा, हे पुढे सांगता आलं नसतं. वाव किती उरलाय हे तिला डोळ्यांना दिसत होतं, पण बोलून दाखवायला तिच्याकडे माप नव्हतं. आणि ती ओरडली असती तर तीस म्हातारी माणसं एकदम उठून एकाच बाजूला आली असती.

"घोड्याचं सांग," ती म्हणाली.

फिन्टन हसला. "घोडा नंतर येतो. आधी गाणं तर होऊ दे."

"गाणं झालं."

"बघा, ही माझी बहीण. हिला शेवट आधी लागतो."

माणसं हसली. कॉनी त्याच्या अगदी जवळ गेली आणि मोठ्यांदा बोलली. इतक्या माणसांसमोर ती कधी बोललेली नव्हती. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"टिमचं वाजवून झालं," ती म्हणाली. "ब्रॅडिशबाई सज्जात आल्या, त्यांनी ऐकलं, आणि त्या आत गेल्या. धुराडं मागे गेलं. आता घोडा."

फिन्टनचं हसू तोंडावर तसंच राहिलं. फक्त त्याचं डोकं थोडं वळलं, कान तिच्याकडे करून. त्याचा उजवा हात चाकावरून खाली इंजिनाच्या दांडीवर गेला आणि तिथे थांबला.

"घोडा काठाच्या वाटेने चालत होता," कॉनी म्हणाली. पहिला पॉप्लर बोटीच्या टोकाशी आला होता. "त्याने आयुष्यात कधी पियानो ऐकला नव्हता. त्याने एक कान मागे केला."

पहिला पॉप्लर तिच्या बाजूने गेला. बोट नदीच्या मधोमध होती. डावीकडे असायला हवी होती.

"त्याला जायचं होतं डावीकडे. काठाकडे. चालता चालता तो डावीकडे सरकू लागला."

चाक फिरलं. थोडंसंच. रोझीनचं टोक काठाकडे कलू लागलं, पण पाणी तिला बाजूने ढकलत होतं आणि ती चालली होती तिरपी. दुसरा पॉप्लर आला. समोर, कालव्याच्या पलीकडे, नदीवर एक सरळ रेघ दिसत होती, जिथे पाणी चकाकत होतं आणि मग नव्हतं.

"अजून दोन पावलं," कॉनी म्हणाली. "पाय जड झाले त्याचे. मागे बोट, बोटीवर पियानो. अजून एक."

कुणीच हसत नव्हतं. मंडळी गोष्टीत रंगली होती. तिसरा पॉप्लर तिच्या खांद्याशी आला, आणि त्याच्या मागून कालव्याच्या तोंडाचा दगडी कोपरा पुढे आला.

"आणि घोडा थांबला."

फिन्टनने चाक पूर्ण डावीकडे टाकलं. इंजिन त्याने कमी केलं नाही. दांडी पुढे लोटली. वाहत्या पाण्यात सुकाणूला पकड हवी तर बोट पाण्याहून जोरात जायला लागते, आणि हे त्याला कुणी सांगायला नको होतं. इंजिन गुरगुरलं, डेक थरथरला, टोक कालव्याच्या तोंडात घुसलं. मागच्या बाजूला नदीने धरून ठेवलं आणि रोझीनचा मागचा कोपरा दगडावर घासत गेला, लांब, कर्कश. खाली स्वयंपाकघरात कपांची रांग कोसळली. मग आवाज थांबला. दोन्ही बाजूंना गवत होतं आणि पाणी हलत नव्हतं.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"दोघांनी बसवलेलं आहे हे," मिसेस देवेरो शेजारणीला म्हणाली. "मला आधीच वाटलं होतं, ही बाई मध्येच कशी काय बोलायला लागली." मग फिन्टनला, "आणि पुढे? पियानोचं काय झालं?"

फिन्टन दोन्ही हातांनी चाक धरून उभा होता. लार डॉयलनेही टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्याची बोटं इंजिनाच्या झाकणाच्या कडेवर पांढरी पडली होती. त्याने ती एकेक करून सोडवली.

लॉकच्या अलीकडे, जिथे काठाला खुंटे होते, तिथे कॉनीने उडी मारून दोर बांधला. तिने गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली. रोज इथून पुढे ते लॉकमधून उतरत, खालच्या गावापर्यंत जात, वळत, आणि याच वाटेने परत येत.

ती वर आली तेव्हा फिन्टन माणसांशी बोलत होता.

"मंडळी, पुढे जाता यायचं नाही. इंजिन तापलंय. तुमच्या बसवाल्याला फोन करा, हा रस्ता लॉकपर्यंत येतो."

कॉनी जागच्या जागी उभी राहिली. त्या इंजिनाला त्याच्या तोंडून वाईट शब्द निघालेला तिने आजवर ऐकला नव्हता.

"अरेरे," मिसेस देवेरो म्हणाली. "आता कुठे मजा यायला लागली होती. चांगलं तर चाललंय की. नाही का हो?" हे तिने कॉनीला विचारलं.

"सकाळपासून आवाज येत होता," कॉनी म्हणाली. "मी म्हटलं होतं याला."

"म्हणाली होती," फिन्टन म्हणाला.

"मी बघतो," लार डॉयल म्हणाला.

"राहू द्या. कपडे खराब होतील तुमचे."

"या कपड्यांनी ट्रॅक्टर बघितलेत."

"गरम असेल सगळं," फिन्टन म्हणाला. "निवू तर द्या."

पण लारने झाकण उचललं होतं. तो वाकला, एक लांब पाय आत सोडला, मग दुसरा, आणि खाली गेला. कॉनी कप गोळा करायला म्हणून बाकांपाशी गेली. गोळा करायला कप नव्हते. ती झाकणापाशी परत आली. खालून इंजिनाचे ठोके येत होते, एकसारखे, निरोगी. तिच्यासारखीलाही त्यात काही खोट ऐकू येत नव्हती. ज्याने आयुष्यभर ट्रॅक्टर उघडले त्याला एक क्षणही पुरला असता. तरी तो वर येत नव्हता. बाकांवर माणसं बसच्या रस्त्याची चर्चा करत होती, कुणाला लघवीला जायचं होतं, कुणी विचारत होतं की स्कोन तरी मिळतील का. फिन्टन समोर बघत होता, लॉकच्या दारांकडे, किंवा त्यांच्या थोडं बाजूला.

लारचं डोकं वर आलं. तो कडेवर बसला, पाय बाहेर घेतले, झाकण सावकाश लावलं. मग खिशातून रुमाल काढला आणि हात पुसू लागला. आधी तळहात, मग एकेक बोट, मग बोटांच्या मधल्या जागा. सगळे त्याच्याकडे बघत होते. कॉनी रुमालाकडे बघत होती. तो इस्त्रीचा, पांढरा रुमाल होता आणि पांढराच राहिला.

"पंप गेलाय," लार म्हणाला.

"म्हणजे मोठं काम?" मिसेस देवेरोने विचारलं.

"मोठंच." त्याने रुमालाची घडी घातली. "वळणावर नीट राहिली हेच नशीब. आणखी एक वळण काढलं नसतं हिने."

"अगं बाई. आणि आमचा पुढच्या महिन्यात दुसरा गट यायचाय. तोपर्यंत होईल का दुरुस्त?"

लारने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. त्याने फिन्टनकडे पाहिलं नाही. कॉनीकडे पाहिलं.

तिने ॲप्रनला हात पुसले. पीठ सुकून बोटांना चिकटलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "यंदा नाही. पुढच्या वर्षीही नाही. दुसऱ्या बोटी आहेत, खालच्या गावात. नंबर देते मी तुम्हाला."

मिसेस देवेरो हो म्हणून मान हलवत होती. मग तिने फिन्टनकडे पाहिलं आणि तिची मान हलायची थांबली.

फिन्टनने टोपी काढली, आत बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा घातली.

"भारी होतं हो इंजिन," लार त्याला हळू आवाजात म्हणाला.

"होतं," फिन्टन म्हणाला.

त्याने इंजिन बंद करायला हात पुढे केला. पहिल्या खेपेला हात नुसत्या लाकडावर पडला. लार दोन हातांच्या अंतरावर उभा होता, कॉनी त्याहून जवळ होती, पण दोघांपैकी कुणी हललं नाही. हात लाकडावरून सरकत डावीकडे गेला, दांडी सापडली, आणि त्याने ती मागे ओढली.